समुद्राने परत केलेला नारळ

समुद्र ज्याला एकदा परत पाठवतो त्याला पुन्हा बोलावीत नाही, असे आमच्या किनाऱ्यावर म्हणतात. म्हणजे सखाराम तांडेल म्हणत असे. आणखी कोणाच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलेले नाही, आणि सखारामनेही ते जन्मात दोन-तीनदाच, तेही दाऊदच्या आणि माझ्यापुढे, उच्चारले असेल. पण एक माणूस एखादे वाक्य खरे मानून दहा वर्षे जगला, तर त्याला म्हण म्हणायला हरकत नसावी.

मागच्या महिन्यात एका सकाळी दाऊद आमच्या वाचनालयाच्या दारात येऊन उभा राहिला. मी इथे ग्रंथपाल आहे. दाऊद माझा इतक्या वर्षांचा मित्र, पण ही पायरी तो कधी चढला नव्हता. पुस्तकांच्या रांगा बघितल्या की मला बोट लागते, असे तो सांगतो, आणि हे सांगणारा माणूस वीस वर्षे आगबोटीवर आहे. त्या दिवशीही तो वहाणा हातात घेऊन उंबऱ्याबाहेरच थांबला.

"मास्तर," तो म्हणाला, "तांडेल गेला."

"कधी?"

"पहाटे. भरती लागताना."

दर्यावर्दी माणूस ओहोटीबरोबर जातो, असा समज आहे आणि तो ऐकायला बरा वाटतो. दाऊदने भरती सांगितली, कारण भरती होती.

त्याच आठवड्यात गावात एका बड्या वकिलांची शोकसभा झाली. तिच्यात त्यांच्या जाण्याने पडलेली पोकळी कधीही भरून येणार नाही, असे सात वक्त्यांनी सांगितले, आणि सातवा वक्ता बसण्यापूर्वी दोघा वकिलांनी त्यांच्या पक्षकारांची विचारपूस सुरू केली होती. सखारामसाठी सभा झाली नाही. भाट्याच्या तरीवर, म्हणजे खाडी ओलांडून नेणाऱ्या होडीवर, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या जागी दुसरा माणूस वल्हे धरून उभा होता, कारण पलीकडच्या लोकांना बाजाराला यायचे होते. मी त्या होडीत बसलो आणि पलीकडे गेलो. नव्या माणसाला वल्हे चांगले मारता येते. मला ते आवडले नाही...

सखाराम भाट्याचा आणि दाऊद खाडीच्या अलीकडचा, राजिवड्याचा. लहानपणी दोघे पोहत एकमेकांच्या काठाला लागत, शिव्या देत आणि परत जात, अशी त्यांची ओळख झाली. मी गावातला. मॅट्रिकला दोनदा नापास झाल्यावर तिसऱ्यांदा बसण्यापेक्षा समुद्र बरा, असे वाटून मी मुंबई गाठली आणि दाऊदच्या वशिल्याने एका मालवाहू आगबोटीवर कसब म्हणून लागलो. कसब म्हणजे दिवे, रंग आणि दोर यांच्या कोठीची किल्ली सांभाळणारा. कोठीत उजेड कमी असला तरी वेळ पुष्कळ होता. परीक्षकांना जे माझ्याकडून करवून घेता आले नाही ते, म्हणजे वाचन, तिथे झाले. दाऊद त्याच बोटीवर सुकाणी होता आणि सखाराम तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम जो सारंग, त्याच्या हाताखालचा पहिला माणूस. सारंग दाऊदच्या नात्यातला. त्याने खलाशीही आपल्याच जमातीतले भरले होते. हिंदू म्हणून बोटीवर सखाराम आणि मी असे दोघेच. त्यामुळे एकादशी, चतुर्थी, सणवार हे खाते आपोआप माझ्याकडे आले. माझा त्यातल्या कशावर विश्वास नव्हता, पण मला वाचता येत होते, आणि वाचणे आणि तिथी सांगणे ही दोन्ही कामे आपल्याकडे एकाच माणसाची समजतात.

सखारामसारखा तांडेल मी पाहिला नाही. तो ओरडत नसे. डेकवर शंभर फुटांवरच्या माणसाला तो बोलल्यासारखे हुकूम सांगे आणि त्या माणसाला ऐकू जाई. कसे, ते मला कधी कळले नाही. वारा बदलणार हे त्याला आधी कळे, पण विचारले तर म्हणे, "जल्ला, नाक हाय ते कशाला?" म्हाताऱ्या सारंगाचे डोळे गेले होते. पुढच्या करारापासून सखारामला सारंग करायचे, असे कप्तानाने बोलून दाखवले होते. सखारामने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. पण दाढी तो रोज करू लागला, आणि त्यावरून सगळ्यांना कळले.

त्या साली उन्हाळ्यात आमची बोट इटलीत जिनोव्याच्या बंदरात अडकली. यंत्राचा एक भाग मोडला होता आणि नवा यायला दहा दिवस लागणार होते. तिसऱ्या दिवशी सखाराम कोठीच्या दारात येऊन बसला.

"मास्तर, पुनव कधी?"

कोणती पुनव, हे विचारायची गरज नव्हती. त्याच्या पेटीत पंचात गुंडाळलेला एक नारळ होता. भाट्याच्या घरामागच्या माडाचा, आईने निघताना दिलेला. नारळी पौर्णिमेला तो समुद्राला द्यायचा. घरी असलो तर घरी आणि नसलो तर जिथे असू तिथे. त्याच्या घरात हे तीन पिढ्या चालत आले होते.

पंचांग माझ्यापाशी नव्हते. पण इंग्रजी तारखेच्या मानाने आपली तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते, एवढे मला ठाऊक होते. मागच्या वर्षीची तारीख आठवली, बोटांवर अकरा दिवस वजा केले, आणि सखारामला थोडे ताटकळत ठेवून मी जाहीर केले, "परवा." त्या संध्याकाळी चंद्र वर आला तो जवळजवळ भरलेला होता. खुद्द चंद्राने साक्ष दिल्यावर गणित पुन्हा कोण तपासतो?

बंदरात नारळ टाकायला सखाराम तयार नव्हता. पाण्यावर तेलाचा तवंग होता. "देवाला तेलकट नारळ द्यायचा?" बोटीवरूनही नको, बोटीवरून टाकला तर तो कंपनीचा नारळ होईल, जमिनीवर उभे राहूनच द्यायचा. दाऊद म्हणाला, "अरे, मग चला की. चांगलासा समुद्र हुडकू." अशा रीतीने एक चांगलासा समुद्र शोधण्यासाठी आम्ही तिघे, दिवे लागायच्या आत परत येण्याच्या अटीवर, इटलीच्या किनाऱ्यावरची खेडी हिंडायला निघालो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा दिवस होता. हे लिहायला मला बरे वाटत नाही, पण तसे ते आहे.

छोटी आगगाडी किनाऱ्याला चिकटून जात होती. बोगदा, मग समुद्र, पुन्हा बोगदा, पुन्हा समुद्र. दाऊद म्हणाला, "कुणीतरी डोळे मिटतोय नि उघडतोय." गावांची नावे आम्हांला उच्चारता येईनात, तेव्हा सखारामने त्यांना आपली नावे द्यायला सुरुवात केली. पहिले गाव त्याला आमच्याकडच्या वरवड्यासारखे वाटले. वाळूवर जाळी पसरलेली, आणि बायका लाकडी पिंपांत बारीक मासळी मिठात बसवीत होत्या. त्यांतली एक गिऱ्हाइकाला असे काही सुनावत होती की भाषा न कळताही दाऊद दोन पावले मागे सरला. "आमची हलीमाकाकी हितं कशी आली?" तिथल्या भिंतींवर खिडक्या होत्या, झडपा होत्या, एका खिडकीत मांजरसुद्धा होते. जवळ गेलो तेव्हा कळले की सगळे रंगवलेले आहे. खिडकी नसलेल्या भिंतीला निदान खिडकीचा मान असावा, अशी त्या लोकांची रीत दिसली. सखाराम त्या मांजरासमोर बराच वेळ उभा राहिला, ते केव्हातरी हलेल म्हणून.

चौकात बँड लागला होता आणि काळा सदरा घातलेला एक गृहस्थ गच्चीवरून भाषण करीत होता. त्याचे हात आधी वर जात आणि शब्द मागून येत. आमच्या जिल्ह्यात कलेक्टरसाहेबांचा दरबार मी पाहिला होता; तिथे निदान शेवटी पानसुपारी मिळते. बायकांनी मान वर न करता मासळी निवडणे चालू ठेवले होते. "हितं टाकावा का?" सखारामने विचारले. मी म्हटले, "टाक, पण मग या गृहस्थाला वाटेल की नारळ त्याच्यासाठीच आणलाय." सखारामला ते पटले. आम्ही पुढे निघालो.

पुढचे गाव डोंगरापलीकडे होते. आपल्याकडच्या गडग्यांसारखे दगडी बांध, त्यांच्यामध्ये लिंबांची आणि कसल्याशा राखी पानांची झाडे. वाटेत पाव आणि कांदा खाल्ला. पाव आणि कांदा विकत घेण्यापूर्वी दाऊदने दुकानात टांगलेले सगळे पदार्थ एकेक बोट दाखवून तपासले, आणि दुकानदाराने डुकराचा आवाज काढून त्यांतले जवळजवळ सगळे बाद केले. हा माणूस सज्जन आहे, असे दाऊद नंतर वर्षभर सांगत होता. गावाच्या टोकाला समुद्रात घुसलेला डोंगर आणि त्यावर पडका किल्ला. "अंजनवेल," सखाराम म्हणाला. तिथल्या देवळात छताला छोटी छोटी लाकडी गलबते टांगलेली होती. वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवस फेडलेला असावा; भटजीने खूप बोलून आम्हांला हेच सांगितले असावे. सखाराम मान वर करून एकेक गलबत बघत राहिला. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाला, "हितंही देतात." त्याचा चेहरा निवळला होता. परक्या मुलखातला समुद्र आपला नारळ ओळखेल की नाही, ही शंका त्याला होती, हे मला तेव्हा समजले.

पण किल्ल्याखाली खडक होते आणि नारळ फुटला असता. म्हणून आम्ही आणखी पुढे गेलो, आणि दुपार कलताना एका लहानशा आखातात उतरलो. डझनभर घरे, वर ओढलेल्या दोन होड्या, तिसरी पाण्यावर, आणि तिच्यात जाळे सारखे करीत बसलेला एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा. सखारामने सगळीकडे एकदा पाहिले. "भाट्ये," तो म्हणाला, आणि पेटीतून आणलेल्या पंचाची गाठ सोडली.

त्याने पाण्यात उतरून तोंड धुतले. नारळाला कुंकू लावले. मी उदबत्ती पेटवायचा प्रयत्न केला आणि वाऱ्याने माझ्या पाच काड्या घेतल्या. सखारामने डोळे मिटले. "दर्याराजा, शांत ऱ्हा. पोराबाळांना सांभाळ." समोरचा समुद्र इतका शांत होता की ही विनंती त्याला जरा लागलीच असेल. मग त्याने नारळ लांब फेकला आणि हात जोडले. दाऊदनेही टोपी सारखी केली.

मागे वळतो तोच वल्ह्यांचा आवाज आला. म्हातारा होडी घेऊन गेला, नारळ उचलला, किनाऱ्याला लागला, आणि टोपी काढून त्याने तो अदबीने सखारामच्या हातात दिला.

दाऊदला हसू आवरेना. "त्याला सांग ना मास्तर, टाकलाय, पडला नाय." मला त्यांच्या भाषेतले चार शब्द येत होते आणि त्यांतले तीन जेवणाचे होते. सखारामने म्हाताऱ्याला नमस्कार केला, तो पुन्हा जाळ्याशी जाऊन बसेपर्यंत थांबला, आणि दुसऱ्यांदा, आधीपेक्षा दूर, नारळ फेकला. म्हाताऱ्याने मान वर केली. पुन्हा वल्ही. या वेळी त्याने सखारामच्या खांद्यावर थोपटले. या वयात हात असा निसटतो हे वाईट आहे, असा त्याचा भाव होता. तिसऱ्यांदा आम्ही आखाताच्या पार टोकाला जाऊन नारळ टाकला. म्हाताऱ्याला यायला वेळ लागला, धाप लागली, पण तो आला. त्याने खिशातून दोरी काढली, नारळाच्या शेंडीला फास बांधला, आणि तो सखारामच्या मनगटात अडकवून दिला, म्हणजे पुन्हा पडायला नको.

दाऊद आणि मी वाळूवर बसून पोट धरून हसत होतो. हसता हसता मी सखारामकडे पाहिले. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो मनगटावरच्या नारळाकडे पाहत होता.

"तीनदा," तो म्हणाला.

फास सोडवून त्याने नारळ म्हाताऱ्याला देऊन टाकला. म्हाताऱ्याला अतिशय आनंद झाला. त्याने बायकोला हाक मारून बाहेर बोलावले, नारळ तिच्या कानाशी हलवून आतले पाणी ऐकवले, आणि आम्हांला तीन लिंबे दिली. तो नारळ पुढे त्यांच्या घरातल्या कोणत्यातरी संताच्या तसबिरीशेजारी ठेवला गेला असेल, असे मला वाटते. त्यांच्या लेखी तो समुद्रातून तीनदा वाचलेला होता.

परतीच्या गाडीत सखारामने त्याच्या आज्याची गोष्ट सांगितली. एका पुनवेला आज्याने दिलेला नारळ लाटेने परत त्याच्या पायाशी आणून टाकला. लोक म्हणाले, यंदा जाऊ नकोस. आजा हसला आणि मचवा घेऊन गेला. मचव्याची एक फळी मागे आली. "समुद्र ज्याला परत पाठवतो त्याला पुन्हा बोलवत नाय, मास्तर. आपण जायचा नाय." मी त्या काळी फार वाचत होतो. मी म्हणालो, "समुद्राने कुठे परत केला? त्या म्हाताऱ्याने केला." सखाराम शांतपणे म्हणाला, "समुद्राला हात हायत का? कुणाच्या तरी हातानंच देणार ना."

जिनोव्याहून आमची बोट घराकडे वळली नाही. आधी दक्षिण अमेरिका, मग ऑस्ट्रेलिया असे करीत सव्वा वर्षाने आम्ही मुंबईला लागलो. तेवढा काळ सखारामने आपले काम चोख केले, पण लाट उंच झाली की तो कठडा सोडीत नसे, आणि दाढी पुन्हा आठवड्यातून एकदा होऊ लागली. मुंबईला कप्तानाने त्याला सारंगाची जागा देऊ केली. गुडघे दुखतात, असे सांगून त्याने ती नाकारली. घरीही त्याने गुडघेच सांगितले. नारळाची गोष्ट अशुभ, ती बोलू नये, अशी त्याने आम्हा दोघांना शपथ घातली होती. सारंगाची जागा दाऊदला मिळाली. तो ती घ्यायला तयार नव्हता, तेव्हा सखारामनेच त्याला दटावले. "घे मेल्या. तुजा नारळ कुणी परत केलाय? तू टाकलासच कुठं?"

त्याच वर्षी मीही समुद्र सोडला आणि या वाचनालयात लागलो. पहिले काम म्हणून कोणीतरी देणगी दिलेल्या जुन्या रद्दीची यादी करायची होती. तिच्यात मागची पंचांगे होती. जिनोव्याच्या साली नारळी पौर्णिमा नेमकी कोणत्या तारखेला होती, ते मी सहज उघडून पाहिले. त्या वर्षी श्रावण दोन होते. आमची पुनव पहिल्या श्रावणातली, म्हणजे अधिक महिन्यातली. अधिकात सण होत नाहीत. चंद्र भरतो तेवढाच. खरी नारळी पौर्णिमा त्यानंतर एका महिन्याने, आम्ही भर समुद्रात असताना, कोणाच्या ध्यानीमनी नसताना होऊन गेली होती. माझ्या अकरा दिवसांच्या गणितात तेरावा महिना नव्हता.

मी पंचांग मिटले, त्यावर क्रमांक घातला आणि ते कपाटात ठेवले.

खरे म्हणजे मी त्याच दुपारी खाडी ओलांडायला हवी होती. एकच वाक्य सांगायचे होते: अरे, महिनाच चुकला होता, भलत्या दिवशी दिलेला नारळ समुद्राने परत केला तर त्यात तुझा काय दोष? सखारामला हे शंभर टक्के पटले असते. त्याच्या शास्त्रात ते बसत होते. पुढच्या बोटीला तो मुंबईला गेला असता आणि वर्षभरात कुठेतरी सारंग झाला असता. मी गेलो नाही. पहिल्या आठवड्यात वेळ नव्हता. मग पाऊस होता. मग लक्षात आले की आता सांगितले तर आधी का नाही सांगितले, हेही सांगावे लागेल. खरे कारण याहून लहान आहे. ज्या माणसाचा तिथींवर विश्वास नाही, त्याला तिथी चुकल्याची लाज वाटली. मास्तर म्हणणाऱ्या एका माणसासमोर मला तिसऱ्यांदा नापास व्हायचे नव्हते.

सखाराम भाट्याची तर चालवू लागला. भाट्याहून राजिवडा, राजिवड्याहून भाट्ये. ज्याने तीन महासागर पाहिले तो दिवसातून वीस वेळा तीच खाडी ओलांडू लागला. बाजाराला जाणाऱ्या बाया त्याला "कप्तान" म्हणत. "काय कप्तान, आज बोट विलायतेला की राजिवड्याला?" तो म्हणे, "आधी पाय आत घे गो, मग ठरवू." दर आठवड्याला मी त्या होडीत बसत होतो, आणि दर आठवड्याला मधल्या पाण्यात माझ्या जिभेवर ते वाक्य येई, आणि होडी काठाला लागे. क्षितिजावर धूर दिसला की तो वल्हे थांबवून बघे. कोणती आगबोट, कुठली, भरलेली की रिकामी, हे तो धुरावरून सांगे, बाया कंटाळून ओरडत, "अवो, बाजार उठेल!" दाऊद सुट्टी संपवून निघाला की बंदराबाहेर उभ्या असलेल्या आगबोटीपर्यंत त्याला सखारामच पोचवी, दुसऱ्या कोणाला जाऊ देत नसे. होडी शिडीला लावायची, सारंगाची पेटी वर द्यायची, आणि आगबोटीने भोंगा दिला की होडी मागे घ्यायची. एकदा मी बरोबर होतो. होडी मागे घेताना त्याने आगबोटीकडे पाठ केली नाही. उलटी वल्हवीत आणली, पार काठापर्यंत.

या वैशाखात त्याच्या छातीत पाणी झाले. दाऊद म्हणाला, "मास्तर, बघून घे." मी गेलो. पडवीत खाटेवर उशांना टेकून तो बसला होता. आडवा झाला की श्वास लागत होता. त्याची बायको भागीरथी चहा ठेवायला आत गेली, आणि मी दहा वर्षांचे वाक्य एकदाचे बोललो. अधिक महिना, चुकलेले गणित, सगळे.

तो समोरच्या माडाकडे पाहत राहिला. मग त्याचे खांदे हलू लागले, आणि मला वाटले खोकल्याची उबळ आली; पण तो हसत होता.

"म्हंजे पुनव नव्हतीच?"

"नव्हती."

"आन् आपण तीनतीनदा टाकतोय... तो बापडा तीनतीनदा आणून देतोय..." त्याला धाप लागली. मी पाणी दिले. "बरोबर हाय. भलत्या दिवशी दिल्यावर कोण घेल? तू पण मास्तर... शिकलेला ना तू?"

मी मान खाली घातली. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आन् हे तुला कळला कधी?"

मी वर पाहिले. त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता, सहज विचारले होते. दहा वर्षे मी ज्या खाडीत घुटमळत होतो तिचा काठ आता हातभर होता.

"परवा," मी म्हणालो. "जुनी पंचांगे चाळताना."

"बरा झाला सांगितलास," सखाराम म्हणाला. "वेळेत सांगितलास."

त्यानंतर नवव्या दिवशी दाऊद वाचनालयाच्या दारात उभा राहिला.

तेरावा झाल्यावर दाऊद आणि मी भाट्याला गेलो. भागीरथी पडवीत बसली होती. ती म्हणाली, "भावजी, तुम्ही येऊन गेलात त्या रोजापासनं हे निराळेच झाले. दाढी करा म्हणाले. उठवत नव्हता तरी न्हाव्याला बोलवा म्हणाले. आणि मला म्हणाले, ती नळी काढ."

नळी म्हणजे खलाशाचा पत्र्याचा लांबट डबा. त्यात त्याचे कागद असतात: कोणत्या बोटीवर, कोणत्या कामावर होता, चालचलणूक कशी, कप्तानांच्या सह्या. नळी दाखवल्याशिवाय कोणतीही बोट माणसाला घेत नाही. ती माळ्यावर पडून होती. त्याने ती बायकोकडून राखेने घासून घेतली, दोनदा, आणि पायथ्याच्या खुंटीला, निजल्या जागेवरून दिसेल अशी लावून घेतली. दाऊद भेटायला आला तेव्हा त्याने विचारले होते, या वयात सारंग म्हणून कोणी घेईल का. दाऊद म्हणाला, घेतील, पावसाळा सरला की माझ्याबरोबर चल. "काय सांगणार होतो मास्तर?" दाऊद माझ्याकडे न बघता म्हणाला.

नळी अजून त्याच खुंटीला आहे. खाट काढून टाकली आहे, त्यामुळे ती पडवीत शिरताच समोर दिसते. मला वाटले, हिच्यात त्याची सगळी वर्षे आहेत आणि ती मी अडवून ठेवली होती. त्यावर काहीतरी गंभीर बोलावे, असे मनात येत होते, तेवढ्यात दाऊदने ती खाली उतरवून झाकण फिरवले. सारंगाची सवय, कागद दिसले की तो तपासतो. त्याने नळी तळहातावर उलटी केली. आतून मूठभर माती पडली. नळीच्या बुडाला गंजून भोक पडले होते आणि कागदांची वाळवीने कधीच माती केली होती.

"तुला ठाव होता, वयनी?" दाऊदने विचारले.

"भोक दिसला होता," भागीरथी म्हणाली. "पण त्यांनी घासायला सांगितलेली. उघडायला नव्हता सांगितला."

दाऊदने माती अंगणात झटकली आणि नळी होती तिथे परत लावली. बाहेरून ती चांगली चकचकीत आहे.